अन्नाचे वाटेकरी

जबलपुरातील जुन्या वळणाच्या मराठी घरांत वडीलधारे पुरुष ताटावर बसले म्हणजे प्रथम ताटाभोवती पाणी फिरवितात, उजव्या बाजूस भाताची चार शिते चित्राहुती म्हणून ठेवितात आणि प्राणाहुती घेऊन मगच जेवावयास आरंभ करितात. नर्मदाकाठचा हा मुलूख 1817 पर्यंत नागपूरकर भोसल्यांकडे होता. त्या काळी आणि पुढेही नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने जी मराठी कुटुंबे तिकडे गेली, त्यांनी आपल्याबरोबर हा आचारही नेला. आता बहुतेक घरांत टेबल-खुर्चीवर जेवणे होतात. चित्राहुती ठेवावयाची कोठे आणि ती उचलावयाची कोणी, असे सुनेने विचारले तर सासूबाईंना उत्तर सुचत नाही. नातू त्याहून पुढे जातो आणि विचारतो, "आजोबा, ही शिते खातो कोण?" मुंग्या खातात, चिमण्या खातात, असे आजोबा सांगतात, पण त्यांचे त्यांनाच ते उत्तर अपुरे वाटते.

नातवाचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ताटात वाढलेल्या अन्नावर स्वामित्व कोणाचे, असाच तो प्रश्न आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी याविषयी फार कठोर शब्द योजिले आहेत. मिळालेले ज्याचे त्याला न देता जो एकटाच भोगतो त्याची गणना तेथे चोरांत केली आहे, आणि केवळ स्वतःपुरते शिजविणारा अन्न नव्हे तर पाप खातो असा निर्वाळा दिला आहे. सामान्य गृहस्थ याचा अर्थ बाहेर पाहून लावितो. अतिथी, गाय, कावळा, दारचा याचक यांचा वाटा काढला की उरलेले ताट आपले, असे तो समजतो. निदान तोंडात घातलेला घास तरी निर्विवाद आपला, याविषयी त्याला कधी शंका आलेली नसते.

परंतु गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनी मनुष्याच्या आतड्याचा जो अभ्यास केला, त्यावरून ही शेवटची खात्रीही टिकत नाही. गिळलेला प्रत्येक घास एकट्या मनुष्याचा नसतो. त्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जीवांची एक विशाल वस्ती असते. इस्राएलमधील वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी 2016 साली केलेल्या मोजणीप्रमाणे सत्तर किलो वजनाच्या पुरुषाच्या देहात सुमारे 30 लक्ष कोटी पेशी त्याच्या स्वतःच्या असतात आणि सुमारे 38 लक्ष कोटी जंतू. या जंतूंचे एकंदर वजन मात्र पाव किलोदेखील भरत नाही. त्यापूर्वी अनेक वर्षे जंतूंची संख्या पेशींच्या दसपट असल्याचे ग्रंथांतून सांगितले जात असे. ते अनुमान चुकीचे होते आणि शास्त्रज्ञांनी स्वतःच ते दुरुस्त केले, हेही येथे सांगितले पाहिजे. दसपट काय किंवा सव्वापट काय, देह हे एकट्याचे घर नाही एवढे निश्चित.

या सहवासाचा सर्वांत विलक्षण पुरावा मातेच्या दुधात आहे. दुधातील घन पदार्थांत दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल प्रमाण असते ते एका विशिष्ट जातीच्या संयुक्त शर्करांचे. त्यांचे शंभराहून अधिक प्रकार आढळले आहेत. तान्ह्या मुलाला त्या पचवता येत नाहीत. त्याच्या जठरातून व लहान आतड्यातून त्या जशाच्या तशा पुढे जातात. मग निसर्गाने हा खर्च कोणासाठी केला? दूध ही मातेच्या देहाला महाग पडणारी वस्तू आहे. स्वतःच्या हाडांतील चुना झिजवून माता दूध निर्माण करिते, आणि त्याच दुधात आपल्या बाळाला न पचणारे अन्न मुद्दाम घालते, हे कोडे संशोधकांना बरीच वर्षे उलगडले नव्हते. त्याचे उत्तर असे की, ते अन्न बाळाचे नव्हेच. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील हेन्री तिसिए यांना 1899 साली अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मलात दुफाटा आकाराचे जंतू आढळले होते. बायफिडोबॅक्टेरियम या नावाने आज ते ओळखले जातात. दुधातील त्या शर्करांवर प्रामुख्याने त्यांचेच पोषण होते. पोषण झाले म्हणजे ते आतड्यात आम्लता निर्माण करितात आणि त्या आम्लतेत अनेक रोगजंतूंना थारा मिळत नाही. मातेने बाळाबरोबर त्याच्या रक्षकांचेही ताट वाढले, असेच म्हणावे लागते. जिला स्वतःला याची वार्ताही नाही, अशी प्रत्येक स्तनदा माता पिढ्यान्पिढ्या ही वैश्वदेवाची आहुती देत आली आहे.

मूल मोठे झाले म्हणजे दुधाच्या जागी धान्य, डाळी, भाज्या आणि फळे येतात. त्यांतील पिष्ट, प्रथिने आणि स्निग्ध भाग मनुष्याचे लहान आतडे शोषून घेते. कोंडा, साली, देठ, शिरा यांतील जो चोथा उरतो तो पचविणारी साधने मानवी देहाजवळ जवळजवळ नाहीतच. पूर्वी त्याला निरुपयोगी मानीत. नोबेल पारितोषिकाचे मानकरी आणि दह्याचे मोठे पुरस्कर्ते एली मेचनिकॉफ यांना तर अख्खे मोठे आतडेच निरुपयोगी आणि घातक वाटत असे. थोरामोठ्यांचेही अंदाज किती चुकतात, त्याचे हे एक उदाहरण. वस्तुतः तो चोथा हाच मोठ्या आतड्यातील रहिवाशांचा वाटा आहे. ते तो आंबवितात आणि त्यातून काही सौम्य आम्ले निर्माण करितात. त्यांपैकी ब्यूटिरिक आम्ल हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन होय. म्हणजे मनुष्य त्यांना देतो आणि ते त्याच्या घराच्या भिंती सांभाळतात. परस्परांना देऊन परस्परांचे कल्याण साधावे, हे जे तिसऱ्या अध्यायात देव आणि मनुष्य यांच्याविषयी सांगितले आहे, त्याची येथे आठवण होणे स्वाभाविक आहे.

आणि हा वाटा दिला नाही तर? 2016 मध्येच उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात चोथाविरहित अन्न देऊन पाहण्यात आले. जंतू उपाशी मेले नाहीत. त्यांनी आतड्याच्या अस्तरावरील संरक्षक चिकट थर खावयास आरंभ केला. तो थर झिजल्यावर बाहेरून सोडलेल्या रोगजंतूंनी त्या उंदरांना अधिक जर्जर केले. ज्यांचा वाटा चोरला त्यांनी घराच्या भिंती पोखरल्या. उंदरांवरून मनुष्याविषयी सर्वस्वी निष्कर्ष काढू नये हे खरे. पण चोर या शब्दाचा अर्थ समजून घ्यावयास एवढे पुरे आहे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पंधराव्या अध्यायात भगवंतांनी आपण वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चतुर्विध अन्न पचवितो असे सांगितले आहे. त्यावरून वैश्वानर म्हणजे हे जंतूच, ऋषींना हे सारे आधीच ठाऊक होते, असे प्रतिपादन करणारे उत्साही लोक आढळतात. अशा प्रतिपादनाने शास्त्राचा मान वाढत नाही आणि विज्ञानाचाही वाढत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते हे सांगणे गीतेचे प्रयोजन नव्हे. दिसलेल्या गोष्टीपुढे मनुष्याने कसे वागावे, हा गीतेचा विषय आहे, आणि त्या बाबतीत ती आजही पुरेशी बोलते.

जबलपूरच्या दक्षिणेस व पूर्वेस मंडला आणि डिंडोरी जिल्ह्यांत गोंड आणि बैगा लोकांची वस्ती आहे. कोदो आणि कुटकी ही त्यांची जुनी धान्ये. दाणा बारीक, टरफल चिवट, म्हणून ती कांडणे मोठ्या कष्टाचे. त्यांची पातळ पेज करून हे लोक सकाळ-दुपार पितात. शिधावाटपाच्या दुकानात तांदूळ आणि गहू मिळू लागल्यावर कांडणाचे कष्ट कोण करील? शहरात तर पांढरा भात, मैद्याचे पाव आणि पुड्यांतील खाऊ यांचेच राज्य आहे. जबलपूरच्या जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना 1964 ची, कोदो-कुटकीच्या सुधारलेल्या जाती तयार केल्या, आणि 2023 हे वर्ष साऱ्या जगाने भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. डिंडोरी जिल्ह्यातील लहरीबाई या बैगा स्त्रीने आपल्या छोट्या घरात दीडशेच्या आसपास वाणांचे बी जपून ठेविल्याबद्दल तिचा देशभर गौरव झाला. गावोगाव फिरून ती बी गोळा करिते, शेतकऱ्यांना पेरावयास देते आणि पीक आल्यावर पुन्हा थोडे परत घेते.

लहरीबाईच्या कोठीचा आणि मनुष्याच्या आतड्याचा संबंध वरवर पाहता दिसत नाही. तो संबंध बीज राखण्याचा आहे. भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी 2019 साली 110 निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील काही भोपाळकडील, मुख्यतः शाकाहारी. काही केरळातील, मिश्राहारी. भोपाळकडील लोकांच्या आतड्यांत प्रेव्होटेला नावाच्या जंतूंचे प्राबल्य आढळले. धान्ये आणि वनस्पतिज आहार यांच्याशी या जंतूंचे नाते इतर देशांतही दिसले आहे. पुण्यातील संशोधकांनी 2012 मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील, एकाच छपराखाली राहणाऱ्या तीन पिढ्यांची पाहणी केली आणि वयाबरोबर या जंतुसमाजाची ठेवण कशी बदलते ते टिपले. सहाच माणसांची ती पाहणी होती, तिच्यावर मोठा सिद्धांत उभारता येणार नाही. परंतु एकत्र कुटुंब हे अभ्यासाचे एकक धरावे ही कल्पना मात्र आपल्या देशालाच सुचावी अशी आहे. पुढे 2023 मध्ये अनेक देशांतील हजारो नमुन्यांवरून असे दिसून आले की, पहिल्या वर्षात माता आणि मूल यांच्यामध्ये तुलना करण्याजोग्या जंतुवंशांपैकी सुमारे निम्मे वंश समान असतात आणि एका घरात राहणाऱ्या इतर माणसांतही काही भाग समान असतो. म्हणजे वारसा केवळ रक्ताचा नाही. स्वयंपाकघर, मांडी आणि कुशी यांतूनही तो उतरतो. काही जंतूंचे कुळ तर मनुष्य आणि वानर यांचे पूर्वज वेगळे होण्याच्या आधीपासून, सुमारे दीड कोटी वर्षे, या देहपरंपरेत चालत आले आहे. इक्ष्वाकूची वंशावळही त्यापुढे अलीकडची म्हणावी.

एवढा जुना वारसा नष्ट व्हावयास किती काळ लागतो? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रयोगात, मानवी जंतू असलेल्या उंदरांना चोथा फार कमी असलेल्या अन्नावर ठेविले. पहिल्या पिढीत अनेक जंतू दुर्मिळ झाले, पण योग्य अन्न देताच त्यांतील बरेच पुन्हा वाढले. तेच अन्न चार पिढ्या चालविले तेव्हा प्रत्येक पिढीगणिक काही वंश नाहीसे होत गेले आणि मग कितीही चांगले अन्न दिले तरी ते परत आले नाहीत. बाहेरून ते जंतू आणून दिल्यावरच आले. पहिल्या पिढीचे दुर्लक्ष दुसरीला सुधारता येते, चौथीला येत नाही. पितृऋण हा शब्द मनुष्य मागे पाहून उच्चारितो. त्याला पुढचीही एक बाजू आहे.

तथापि सूक्ष्म जीवांविषयी भाबडी भक्तीही बरी नव्हे. 2024 च्या ऑक्टोबरअखेरीस जबलपूरपासून फार दूर नसलेल्या बांधवगडच्या जंगलात दहा हत्ती मृत्युमुखी पडले. कोदोच्या शेतातील पीक त्यांनी खाल्ले होते आणि तपासणीत बुरशीमुळे उत्पन्न होणारे विष त्यांच्या देहांत आढळले. ज्या धान्याची थोरवी सांगावयाची, त्याच धान्यावर दुसऱ्या एका सूक्ष्म जीवाने मृत्यू आणून ठेविला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आदिवासींच्या आरोग्यासाठी 1984 साली जबलपुरात जे केंद्र स्थापिले आणि जे आता राष्ट्रीय संस्था झाले आहे, ते ज्या वस्त्यांत काम करिते तेथे मलेरिया, क्षय आणि अतिसार यांनी माणसे दगावत आली आहेत. शुद्ध पाणी, हात धुणे, शौचाचे नियम यांना सोडून निसर्गाच्या नावाने गलिच्छपणाचे समर्थन करणे म्हणजे अधर्मच होय. आतड्यातील वस्ती आणि विहिरीतील मळ यांतील भेद ज्याला कळत नाही त्याने या विषयावर न बोललेले बरे.

खरी कसोटी लागते ती औषधाच्या वेळी. समजा, जबलपुरातील एखाद्या घरी मध्यरात्री चार वर्षांच्या मुलाला ताप भरला आहे, नाक वाहते आहे, मूल कण्हत आहे. मागच्या खेपेस आणलेल्या प्रतिजैविकाच्या, म्हणजे अँटिबायोटिकच्या, चार गोळ्या कपाटात उरलेल्या आहेत. आई म्हणते, अर्धी गोळी देऊन टाकू. बापाला ते पटते, कारण काहीतरी केल्याचे समाधान त्यालाही हवे आहे. प्रश्न असा की, हे वात्सल्य आहे, की भय?

सर्दी-पडसे बहुधा विषाणूंमुळे होते आणि प्रतिजैविक औषध विषाणूंना मारीत नाही, हे आता शाळेतील मुलांनाही शिकविले जाते. तरीही ती गोळी पोटात जाते. शत्रू तिथे नसतोच. मरतात ते घरचेच. डेन्मार्कमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा निरोगी तरुणांना चार दिवस तीन प्रभावी प्रतिजैविके एकत्र दिली. त्यांच्या आतड्यातील समाज सुमारे दीड महिन्यात बराचसा पूर्वपदावर आला. पण आधी सर्वांमध्ये असलेल्या नऊ जाती सहा महिन्यांनंतरही बहुतेकांमध्ये सापडल्या नाहीत. ते बारा जण धडधाकट होते आणि औषध चारच दिवस होते. घरात वर्षातून चार-पाच वेळा अर्धवट औषध घेणाऱ्या मुलाचे काय होत असेल, याची कल्पना करवत नाही. औषधाच्या माऱ्यातून जे वाचतात त्यांच्यात औषधाला न जुमानणारे वाढतात. आणि ही कला ते एकट्यापुरती ठेवीत नाहीत. आमांशाच्या जंतूंच्या अभ्यासात 1959 साली जपानी शास्त्रज्ञांना असे आढळले की, अशी प्रतिकारशक्ती एक जंतू दुसऱ्याला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही, देऊ शकतो. एका घरात फुकट झाडलेले अस्त्र शेजारच्या घरातील खऱ्या आजाऱ्यावर निष्फळ ठरते. म्हणूनच आपल्या सरकारने 2014 पासून यांतील अनेक औषधे चिठ्ठीवाचून देऊ नयेत आणि त्यांची नोंद ठेवावी असा नियम लागू केला. नियम किती दुकानांत पाळला जातो, हे ज्याने त्याने आपल्या गल्लीतील दुकानात पाहावे.

यावर काही सात्त्विक वृत्तीचे लोक दुसऱ्या टोकाला जातात. जंतूही जीवच आहेत, मग त्यांना मारणे ही हिंसा नव्हे काय, औषध घ्यावेच कशाला, असे ते विचारतात. ही करुणा अस्थानी आहे. मूल न्यूमोनियाने धापा टाकीत असता जो पिता अहिंसेचा विचार करीत बसेल त्याला कर्तव्यच्युत म्हणावे लागेल. कुरुक्षेत्रावर भगवंतांनी अर्जुनाला शस्त्र खाली ठेवू दिले नाही. परंतु त्याआधी घडलेली गोष्ट विसरता कामा नये. शंखनाद झाल्यावर अर्जुनाने लगेच बाण सोडला नाही. दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करावयास त्याने सांगितले आणि कोणाकोणाशी लढावयाचे आहे हे प्रथम डोळ्यांनी पाहिले. समोर त्याला आप्तच दिसले. ते दिसल्यामुळे त्याला जो विषाद झाला त्यातूनच पुढचा सारा उपदेश निघाला. न पाहता सोडलेल्या अस्त्राचे उदाहरणही त्याच महाभारतात आहे. अश्वत्थाम्याने भयापोटी अस्त्र सोडले, त्याला ते परत घेता आले नाही, आणि शेवटी ते पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर गेले. शस्त्र दोघांनीही धरले होते. एकाने आधी पाहिले, दुसऱ्याने पाहिले नाही. वैद्याकडे नेऊन, आवश्यक तेथे तपासणी करून, मग त्याने सांगितलेले औषध त्याने सांगितले तितके दिवस देणे म्हणजे रथ मध्ये उभा करणे होय.

मध्यरात्री बापाला हे सुचणे कठीण असते, हेही मान्य केले पाहिजे. वैद्य दूर असतो, सकाळी कामावर जावयाचे असते, दवाखान्यातील रांग लांब असते. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला थांबणे परवडते. रोजंदारीवर जाणाऱ्याला थांबणे म्हणजे एक दिवसाची मजुरी. तसेच जिच्या अंगावर दूध आले नाही, जिचे बाळ शस्त्रक्रियेने जन्मले, ज्या बाळाला पहिल्याच दिवशी प्राण वाचविण्यासाठी प्रतिजैविक द्यावे लागले, त्या मातेला हे विवेचन वाचून दोष लावून घेण्याचे काडीमात्र कारण नाही. तिने जे केले तेच त्या वेळी कर्तव्य होते. आणि ज्याच्या घरात शिधावाटपाच्या पांढऱ्या तांदळापलीकडे धान्य नाही, त्या मंडल्याच्या मजुराला भरड धान्याचे माहात्म्य सांगावयास जाणे हे तर निव्वळ अशिष्टपणाचे होईल. भार पडतो तो ज्याला निवड करता येते त्याच्यावर: कोंडा चाळून टाकावयाचा की ठेवावयाचा, सालीसकट डाळ शिजवावयाची की नाही, मुलाच्या डब्यात काय द्यावयाचे, आणि कपाटातील त्या चार गोळ्यांचे काय करावयाचे.

नातवाने विचारलेल्या प्रश्नाला आजोबांना आता थोडे अधिक उत्तर देता येईल. चित्राहुतीची शिते मुंग्या खातात हे खरेच आहे. पण ताटातील घेवड्याच्या शेंगा, मेथीची भाजी आणि हातसडीचा भात यांतही कोणाचा तरी वाटा आहे. त्यांना पाहता येत नाही, त्यांचे आभार मानता येत नाहीत, आणि ते आजोबांच्या पोटात आहेत तसेच नातवाच्याही पोटात आहेत. त्यांतील काही जण आजोबांच्या आईच्या कुशीतून त्यांच्याकडे आलेले असतील. ते ऐकून नातू बहुधा पोटावर हात ठेवून पाहील, आणि मग विचारील की त्यांना गुळाची पोळी आवडते का.